भागम्माची बिनकोपऱ्याची पेटी

पडदा वर जातो.

समोर हळ्ळीखेडचा बसस्टँड. चैत्रातली दुपार, उन्हानं सगळ्या देखाव्याचा रंग उडवून टाकलेला. उजवीकडे लिंबाचं झाड, त्याच्या सावलीत एक रिक्षा, रिक्षात झोपलेला रिक्षावाला आणि रिक्षाखाली दोन शेळ्या. डावीकडे मोबाइलचं दुकान, शटर अर्धं ओढलेलं. आणि बरोबर मध्यभागी, पत्र्याच्या छपराखाली, एक लांबरुंद निळी पेटी. पेटीचं झाकण उघडं आहे आणि एक बाई तिच्यात कमरेपर्यंत गडप झाली आहे. आपल्याला दिसते फक्त तिची पाठ, हिरव्या इरकली लुगड्याचा काठ आणि एका पायातून निसटत चाललेली चप्पल.

थोड्या वेळानं बाई सरळ होते. हातात ओली चिंधी. ती चिंधी नाकाशी नेते, डोळे मिटते आणि दोनदा मान हलवते. एवढ्या एका मुद्रेत सगळं कळतं. वास गेलेला नाही.

ही भागम्मा. वय साठीला टेकलेलं, आवाज मात्र विशीतला. गाव तिला थंड्याची भागक्का म्हणतं. रोज सकाळी दुधाच्या टेम्पोबरोबर हुमनाबादहून बर्फाची लादी येते, गोणपाटात गुंडाळलेली. भागम्मा टोच्यानं ती फोडते, मोठे तुकडे पेटीत खाली घालते, त्यांवर बाटल्या आडव्या मांडते आणि वरून चुरा पसरते. गिऱ्हाइकानं लिंबू सोडा म्हणायचा अवकाश, ती समोरच्याशी बोलत बोलतच हात आत घालते आणि न बघता लिंबू सोडाच वर काढते. जिरा मागितला की जिरा. एक्केचाळीस वर्षांत तिचा हात चुकलेला कुणी पाहिला नाही.

आणि एक्केचाळीस वर्षांत तिनं जत्रेतलं एकही नाटक चुकवलं नाही.

तिच्या नाटक बघण्याची कथा मोठी गोड आहे. ती एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन या गावात आली, तेव्हा तिच्या सासऱ्यांचा नियम होता की घरातल्या बायका नाटकाच्या तंबूत बसणार नाहीत. नवरा गुरुबसव वडिलांना उलटून बोलणारा नव्हता. त्यानं एवढंच केलं, की त्या वर्षी जत्रेत आपला सोड्याचा गाडा तंबूच्या दाराला खेटून लावला आणि घरी येऊन सांगितलं, गर्दी फार आहे, बाटल्या धुवायला माणूस पाहिजे. भागम्मा बाटल्या धुवायला गेली. नाटकाची घंटा झाली तसा गुरुबसव ब्लेड घेऊन तिच्या मागे आला आणि तंबूच्या कापडाच्या शिवणीतले, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरचे, तीन टाके त्यानं अलगद उसवले. पुढं बत्तीस वर्षं, तंबू कानडी कंपनीचा असो की मराठी, नवा असो की ठिगळांचा, त्या तीन टाक्यांना जत्रेत सुट्टी मिळत आली.

नऊ वर्षांपूर्वी गुरुबसव गेला. तेव्हापासून ब्लेड भागम्माच्या बटव्यात असतं.

त्या फटीतून सगळा रंगमंच दिसत नाही. राजा दिसतो तो उजव्या गालानं. राणी दिसते ती राजाच्या जवळ आली तरच. सून नेत्रावती एकदा म्हणाली, अत्ती, आता कोण अडवायलंय तुम्हाला, तिकीट काढा आणि खुर्चीवर बसून बघा. भागम्मानं तेही करून पाहिलं. पण समोरून सगळंच एकदम दिसायला लागल्यावर नेमकं कुठं बघायचं ते तिला कळेना. पहिल्या अंकानंतर ती उठली आणि आपल्या फटीपाशी येऊन उभी राहिली.

तर अशा बाईच्या हातून गेल्या वर्षी राजाचा घात झाला.

कंपनीचे मालक विजयेंद्र हेच नाटकात राजा. दुसऱ्या अंकात राजा-राणीची भेट; जत्रा निम्मी त्या प्रवेशासाठीच लोटते. प्रवेशाआधी विजयेंद्रांचा घसा सुकला, म्हणून त्यांनी विंगेतून माणूस पाठवून भागम्माकडून ऑरेंज मागवलं. बाटली थंडगार होती, पण तिच्या अंगाला पेटीतलं पाणी होतं. बाटली ओठांना लागली आणि ते पाणी मिशांना लागलं. राजा मंचावर गेला, दोन्ही हात पसरून उभा राहिला. राणी धावत आली आणि हातभर अंतरावर एकदम थांबली. नाक आक्रसलं. राजा एक पाऊल पुढं, राणी एक पाऊल मागं. सगळी भेट अशीच फेर धरल्यासारखी पार पडली आणि तंबू हसून हसून आडवा झाला. फक्त फटीपाशी उभी असलेली एक बाई हसली नाही. राणी कशानं थांबली ते तिला बरोबर कळलं होतं.

आता, जत्रेला अठरा दिवस उरले असताना, पंचांचे मुखिया बसवंतप्पा दुकानावर आले. धोतर कडक, शिस्त त्याहून कडक. पंगतीत कुणी ताटात घास सोडला तर त्याच्या समोर जाऊन उभे राहणारे गृहस्थ. त्यांनी सोडा घेतला नाही, हीच वाईट बातमी होती.

"भागक्का, नाराज होऊ नको," ते म्हणाले. "औंदा तंबूच्या दाराची जागा हुमनाबादच्या फ्रिजवाल्याला द्यायचं चाललंय. कंपनीची तक्रार हाय."

"आन मी कुठं जाऊ?"

"पाळण्याकडं बस की. तिकडं बी लेकरं असत्यातच."

पाळण्यांकडून तंबूची पाठ दिसते आणि जनरेटर दिसतो. भागम्मानं पेटीच्या झाकणावर हात ठेवला. मग म्हणाली, "अप्पा, एक करा. तंबूचा खुंटा ठोकायच्या आदल्या दिवशी या आणि ह्या पेटीत नाक घाला. वास आला तर मी सोताहून पाळण्याकडं जाते. न्हाई आला तर जागा माझी."

बसवंतप्पांना सौदा न्याय्य वाटला. ते हो म्हणून गेले. आणि भागम्मा पेटीत शिरली, ती मघाशी पडदा उघडला तेव्हा आपल्याला दिसली.

पेटी गुरुबसवानं स्वतः केलेली. बाहेरून लाकूड, आतून पत्रा खिळ्यांनी ठोकलेला, दोहोंच्या मध्ये भाताचा भुसा. बर्फ दिवसभर टिकायचा, त्यात खोट नव्हती. खोट आत होती. खिळ्यांच्या भोकांतून पाणी मुरून भुसा कुजला होता. चार कोपऱ्यांत बाटल्यांवरून सुटलेल्या कागदी लेबलांचा लगदा जाऊन बसायचा आणि तिथं बोट पोचत नव्हतं. आणि पाणी सोडायचं भोक गुरुबसवानं तळापासून बोटभर वर पाडलं होतं, त्यामुळे बोटभर पाणी कायमचं मुक्कामाला. ही शेवटची गोष्ट भागम्माला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. पण नवऱ्याच्या हातची चूक, म्हणून तिनं कधी बोलून दाखवली नव्हती.

तिनं धुण्याचा सोडा लावला, चिंच लावली, राखेनं घासलं. मग पेटीत उदाची धुरी दिली. दुसऱ्या दिवशी एका शिक्षकानं जिरा सोडा पिऊन विचारलं की आज कुठली पूजा आहे. नेत्रावतीनं थर्माकोलचा डबा आणला. तीन दिवसांत त्याचे पांढरे मणी बाटल्यांना चिकटून गिऱ्हाइकांच्या ओठांवर दिसायला लागले. प्लास्टिकचा टब आणला. टोच्यानं त्याला ओरखडे पडले आणि ओरखड्यांत तोच जुना वास येऊन राहिला, जणू त्याला पत्ता माहीत होता.

शेवटी ती ईरण्णाकडे गेली. ईरण्णा गावातला पत्र्याचा कारागीर. धान्याच्या कणग्या आणि लग्नातल्या ट्रंका करावात त्यानंच. त्याची ट्रंक म्हणजे काटकोन. गुण्या लावून बघा, केसभर फरक सापडायचा नाही. भागम्मानं सांगितलं, आतलं भांडं वेगळं करून दे, उचलून बाहेर काढता येईल असं, खिळा एकही नको. ईरण्णानं पाच दिवसांत भांडं आणलं, वर फडकं टाकून, नवरीसारखं. फडकं काढलं. पत्रा लखलखत होता, चारी कोपरे धारदार, आणि तळाला ठोकून उठवलेलं एक मोठं आठ पाकळ्यांचं कमळ.

ट्रंकेवर तो कमळ काढायचाच. पण हे त्यानं मानाचं म्हणून आत काढलं होतं.

भागम्मानं कमळाकडे बघितलं, मग ईरण्णाकडे. "बर्फाखाली बुडालेलं कमळ कोण बघणार रे? मासे?"

ईरण्णाचा चेहरा उतरला. म्हणाला, ट्रंकेला कमळ नसलं तर लोक ट्रंक घेत नाहीत. ती म्हणाली, ही ट्रंक नाही. तिनं पाण्यात लेबलाचा लगदा कालवून भांड्यात ओतला आणि त्याला साफ करायला लावलं. लगदा पाकळ्यांच्या कडेला बसला, कोपऱ्यांत बसला. ईरण्णानं बोट घातलं, काडी घातली, शेवटी सुई मागितली. तेव्हा तोच म्हणाला की राहू द्या, कळलं. पण कोपरा नसलेली पेटी करायची म्हणजे काय करायचं, हे काही त्याला कळेना. पेटी म्हटली की कोपरा आलाच, असं तो परत परत म्हणत राहिला. हात कोपऱ्याचे होते त्याचे. तीस वर्षं दुसरं काही केलेलं नव्हतं.

ऊन चढलं होतं, म्हणून भागम्मानं त्याला घरी जेवायला नेलं. भाकरी, तुरीच्या डाळीची आमटी, शेंगाचटणी. राग असूनही ईरण्णा दोन भाकऱ्या जास्त जेवला. जेवण झाल्यावर दोघांनीही आपापल्या ताटात पाणी घेतलं, बोटांनी ताट फिरवून धुतलं आणि ते पाणी प्यायला ताट तोंडाला लावलं. जुन्या बसवभक्तांच्या घरात असंच करतात; अन्नाचा कण वाया जाऊ द्यायचा नाही आणि ताट पालथं घातलं तर थेंब पडू द्यायचा नाही. नव्या पोरांनी सोडलं, पण या दोघांच्या हाताला ती सवय अजून होती.

पाणी पिताना भागम्मा अर्ध्यातच थांबली. तिनं ताट खाली ठेवलं आणि त्यातून पुन्हा एकदा बोट फिरवलं. तळावरून काठावर, काठावरून तळावर. मग ईरण्णाचं ताट ओढून घेतलं आणि त्यातूनही फिरवलं. नेत्रावतीला वाटलं, ताटाला काही लागलंय.

"ईरण्णा," ती म्हणाली, "ह्यात बोट कुठं अडायलंय का?"

ईरण्णानं बोट फिरवलं. अडलं नाही. ताट तिरकं केलं, तसं उरलेलं पाणी आपोआप एका जागी जमलं आणि ओठाशी आलं. तो ताटाकडे असा बघत राहिला, जसं काही ते आज पहिल्यांदाच वाढलं होतं.

तिथून पुढं पेटीचं काम निराळ्याच थाटात चाललं. स्टीलचा पत्रा आला. ईरण्णाच्या अंगणात आजीच्या काळचं एक दगडी उखळ पडलेलं होतं. त्याच्या गोल पोटात पत्रा बसवून लाकडी मोगरीनं तो कोपरे गोल करत गेला. कोपरा करायला एक घाव लागायचा, गोलाई आणायला दोनशे लागले. सगळी गल्ली कानांवर हात ठेवून बसली. तळाला एका बाजूला उतार दिला आणि बरोबर सगळ्यांत खालच्या जागी भोक पाडलं, त्याला रबरी बूच. जोड द्यायला भांडं हुमनाबादच्या वेल्डिंगवाल्याकडे गेलं. तो जोडाची रेष ठेवूनच देत होता, भागम्मानं त्याच्याकडून ती रेष घासून सपाट करून घेतली, आणि बोट फिरवून पाहिल्याशिवाय भांडं उचलू दिलं नाही. काठ बाहेरच्या अंगाला वळवला, म्हणजे पाणी भुशात उतरणार नाही. बाटल्या पाण्यात बसू नयेत म्हणून तळाशी सुटी जाळी.

जाळीच्या फटी केवढ्या ठेवायच्या, यावर ईरण्णा अडला. भागम्मानं त्याला माप दिलं: फट एक तर अशी असावी की ज्वारीचा दाणा शिरू नये, नाही तर अशी की माझा अंगठा शिरावा. मधलं काही चालणार नाही, कारण मधल्यातच घाण राहते. ईरण्णानं तिचा अंगठा पत्र्याच्या तुकड्यावर ठेवून आखून घेतला.

बाहेरचं लाकूड तिनं जुनंच ठेवलं, निळ्या रंगासकट. फक्त कुजलेला भुसा काढून नवा भरला. गुरुबसवानं पाडलेल्या जुन्या भोकाला नेत्रावती बूच मारायला निघाली, तेव्हा भागम्मा राहू दे म्हणाली. त्याचा आता कुणाला त्रास नव्हता.

ठरल्या दिवशी बसवंतप्पा आले. बरोबर विजयेंद्रही होते, बिनमिशांचे; मिशा फक्त मंचावर. पाहता पाहता बसस्टँड गोळा झाला, रिक्षावालासुद्धा उठला. बसवंतप्पांनी उपरणं खांद्यावर टाकलं, पेटीवर वाकले आणि नाक आत घातलं. बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर बर्फाचा चुरा होता आणि कुणाची तो पुसा म्हणायची हिंमत नव्हती.

वास नाही, हे त्यांनी कबूल केलं. पण आज सकाळी घासली असेल, ही शंका काढली. नेत्रावती म्हणाली, परवापासून पेटीला पाण्याचा हात लागलेला नाही, मुद्दामच ठेवलीय. मग अप्पांनी दुसरी शंका काढली की जत्रा दहा दिवसांची, गर्दीत पेटी घासायला सवड कुठली. जुन्या पेटीला अर्धा दिवस लागायचा आणि नेत्रावतीला उलटं आत सोडावं लागायचं, हे साऱ्या गावानं पाहिलेलं होतं.

भागम्मा पुढं झाली. पदर खोचला. बाटल्या नि बर्फ घमेल्यात काढले, जाळी उचलली, बूच ओढलं. दोन दिवसांचं पाणी लगद्यासकट बादलीत गेलं. सासू-सुनेनं दोन बाजूंनी धरून भांडं उचललं आणि लिंबाखाली ठेवलं. एक तांब्या पाणी, राखेचा एक हात, काठापासून तळापर्यंत गोल, कुठं न थांबता. ते पाणी झाडाच्या मुळाशी. विजयेंद्रांनी हौसेनं मोबाइलवर वेळ लावली होती. चार मिनिटं झाली होती.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण भागम्मानं बूच परत लावलं, आणि माठातलं पिण्याचं पाणी तांब्याभर भांड्यात ओतलं. ताटातून फिरवावीत तशी बोटं सगळीकडून फिरवली. मग बूच काढून ते पाणी खाली तांब्यात धरलं आणि तांब्या तोंडाला लावला.

मागचे लोक टाचा उंचावून बघायला लागले.

अर्धं पाणी पिऊन तिनं तांब्या बसवंतप्पांसमोर धरला. "घ्या अप्पा. ताटच हाय, जरा मोठं."

बसवंतप्पांनी तांब्याकडे बघितलं, मग भोवतालच्या लोकांकडे. जमलेल्यांतल्या निम्म्या जणांना त्यांनी कधी ना कधी पंगतीत ताट धुऊन प्यायला लावलेलं होतं आणि ते सगळे आता मोठ्या आदरानं त्यांच्याकडे बघत होते. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी तांब्या घेतला, डोळे मिटले आणि एका दमात रिकामा केला. उपरण्यानं तोंड पुसलं. त्याबरोबर नाकावरचा बर्फही गेला.

"गार हाय," ते म्हणाले. मग जरा थांबून, "खुंटा कुठं ठोकायचा ते दाखव."

विजयेंद्रांनी भर रस्त्यात टाळी वाजवली. नाटकवाल्याची टाळी ती, तिला खोटं वाजता येत नाही.

जत्रेच्या पहिल्या दिवशी दुपारी तीनचा खेळ लागला. फ्रिजवाल्याला पाळण्यांकडची जागा मिळाली होती आणि तो खूश होता; त्याच्याकडे आइस्क्रीमही होतं आणि लेकरं त्याला सोडत नव्हती. जनरेटरनं दगा दिला की भागम्माच त्याला बर्फ धाडायची. ईरण्णा आपल्या नातलगांना घेऊन पेटीपाशी यायचा, झाकण उघडून त्यांना आत बोट फिरवायला लावायचा आणि मग सगळ्यांना सोडा पाजायचा. झाकणाच्या वरच्या बाजूला त्यानं आठ पाकळ्यांचं कमळ काढलं होतं. तिथं काढायला भागम्माची ना नव्हती.

घंटा झाली. भागम्मानं बटव्यातून ब्लेड काढलं आणि शिवणीकडे वळली. ब्लेड तसंच हातात राहिलं. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर कापडाला तीन टाक्यांएवढी फट आधीच होती, आणि तिचे काठ दुमडून लाल दोऱ्यानं पक्के शिवलेले होते, सदऱ्याच्या काजासारखे. कंपनीच्या शिंप्याचा हात होता तो. कुणी करायला सांगितलं असेल, हे विचारायची गरज नव्हती. तिनं त्या लाल काठावरून एकदा बोट फिरवलं. कुठं अडलं नाही.

दुसऱ्या अंकाआधी विंगेतून माणूस आला, ऑरेंज घेऊन गेला. पेटीपुढे गिऱ्हाइकांची रांग होती, नेत्रावती एकटी दोन्ही हातांनी बाटल्या देत होती. फटीतून राजाचा उजवा गाल दिसत होता, मिशा ओल्या चमकत होत्या. राजानं दोन्ही हात पसरले. तेवढ्यात मागून कुणीतरी बाईमाणसानं भागक्का, लिंबू सोडा द्या म्हणून पदर ओढला, एकदा, दोनदा. भागम्मानं डोळा फटीवरून काढला नाही. तिनं मागं फक्त एक हात केला, पेटीच्या दिशेनं.

"आत हात घाल आन घे, बाई. पेटी सोच्छ हाय. राणी जवळ यायलीय, आता मला बोलवू नको."